बयाबाईच्या आवाजातले खाडे

नाशकात द्वारकेच्या चौकात दोन ट्रक एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे होते आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांचं कूळ काढत होते. वर, टायरच्या दुकानाच्या माडीवर, योगिनी देवरे खिडक्या लावून घेत होती. खिडक्या लावल्या की उकडायचं, उघडल्या की आई-बहीण ऐकू यायची. त्यात सकाळपासून वीज गेलेली.

"काय कटकट शे ही!" ती म्हणाली. योगिनी मूळची सटाण्याची. वैतागली की तिच्या तोंडून अहिराणी निघे, आणि द्वारकेला ऑफिस असलेल्या माणसाला वैतागायला कारण शोधावं लागत नाही.

खाली पाटी होती, 'लग्नपूर्व चौकशी व इतर खासगी तपास'. मुलगा दारू पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असली कामं रोज यायची. 'इतर' वर्षातून एखाद्या वेळी यायचं. झुंबर गांगुर्डे, एसटीतले निवृत्त कंडक्टर, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले असत. घरी बायको बसू देत नाही म्हणून ते इथे यायचे आणि स्वतःला सहायक म्हणवून घ्यायचे.

त्या दिवशी दोन माणसं जिना चढून आली. पुढे पंचविशीतली एक तरुणी, रागानं लाल झालेली. मागे चाळिशीतला एक उन्हानं करपलेला माणूस. त्यानं चपला जिन्यातच काढल्या होत्या.

"मी तृप्ती पगार. हे बुधा गावित, सुरगाण्याकडचे. मी राष्ट्रीय विद्युत-संगीत केंद्रात नोकरी करते. सिन्नर रस्त्याला."

"असं काही नाशकात आहे?" झुंबररावांनी पेपर खाली केला.

"तीस वर्षं आहे! हेच तर. कुणाला माहीतच नाही!"

"काका, गप बसा. तुमच्यापैकी काम कुणाचं?" योगिनीनं विचारलं.

"दोघांचं. पण आधी यांचं ऐका."

बुधा बसला नाही. उभ्यानंच बोलला. "माझी आय, बयाबाई, धवळेरी व्हती."

त्या डोंगरपट्टीत लग्न लावते ती धवळेरी. ती गाते आणि लग्न लागतं. बयाबाईचं गाणं तिच्या सासूकडून तिला आलेलं, घरचं. ती वारली तेव्हा ते कुणी शिकून घेतलेलं नव्हतं. आता वैशाखात बुधाच्या मुलीचं लग्न होतं.

"दुसऱ्या धवळेऱ्या हायेत, बाई. पण पोरगी म्हणती, आजीच्या गाण्यानंच लगीन लावा. मी ल्हान व्हतो तवा जीप घेऊन एक साहेब आला व्हता. त्यानं आयचं समदं गाणं मशीनमदी भरून नेलं. मला ते एकदा ऐकायचं. गावातल्या बाया बसतील, शिकून घेतील. मला दुसरं कायबी नको."

"मग अडलं कुठे?"

"दसऱ्याच्या आधी गेलो, तर साहेब म्हणला दिल्लीची परवानगी आणतो. दिवाळीच्या आधी गेलो, तर मला बाकड्यावर बसवलं आन् आत गेला. आतून कायतरी वाजलं, लगेच बंद झालं. भाईर येऊन म्हणला, मशीन बिघडलंय, उन्हाळ्यात या. आता उन्हाळ्यात आलो, तर म्हणतो या पोरीनं आवाज पुसला."

"मी पुसला नाही!" तृप्ती जवळजवळ ओरडली. "मी डिसेंबरात लागले. जुन्या टेप सीडीवर घ्यायचं काम. साहेबांनी पहिल्याच दिवशी ही टेप हातात दिली. मशीन झटकलं, लावली, आणि ऐकते तर आवाज तुटतोय. साहेब म्हणाले, तू चुकीचं बटण दाबलंस. आता हे टेप मागायला आले, म्हणून सोमवारी ते पोलिसांत तक्रार देणार आहेत. राष्ट्रीय ठेव्याचं नुकसान! मी एम.ए. झालेय हो, बटणं कळतात मला."

योगिनीनं स्कूटरची किल्ली उचलली. "काका, उठा. 'इतर' आलंय."

केंद्राच्या पाटीवरचं 'राष्ट्रीय' गळून पडलं होतं. औद्योगिक वसाहतीच्या टोकाला एक बसकी इमारत, आवारात वाळलेलं गवत. कधीकाळी इथे देशभरातून संगीतकार येत आणि भिंतभर कपाटाएवढ्या यंत्राच्या तारा इकडून तिकडे खोचून कुणी न ऐकलेले आवाज काढत. आता यंत्रांवर प्लास्टिकचे अभ्रे होते, आणि प्रत्येक यंत्राच्या कपाळावर वाळलेलं हळदकुंकू.

संचालक निवृत्ती कोठावदे यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली पाच देव. बुधाला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. योगिनीनं त्याला आत घेतलं.

"मी प्रशासनातला माणूस," कोठावदे म्हणाले. "दीड वर्षापूर्वी इथे पाठवलं. संगीतातलं मला कळत नाही, आणि कळावं अशी अटही नव्हती. तंत्रज्ञ होता, तो मी यायच्या आधीच निवृत्त झाला. जागा भरा म्हणून लिहून लिहून थकलो. शेवटी कंत्राटावर ही बाई मिळाली, आणि तिनं पहिल्याच दिवशी दिवा लावला."

"ही टेप तिच्याआधी कुणी वाजवली होती?"

"कुणीही नाही. मी आल्यापासून ती कपाटाबाहेर निघालेलीच नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे. एक जुनी ललिताबाईंकडे आहे, मागितली तरी देत नाहीत."

"मशीन बिघडलं होतं म्हणे."

"होतं मध्ये. झालं नीट."

"कुणी केलं?"

"होतात आपोआप! जुनी मशीनं आहेत, बाई." कोठावदेंनी रुमालानं मान पुसली. "तुम्ही टेप ऐका म्हणजे कळेल. आवाज आहे, नाही, आहे, नाही. वाजवायच्या बटणाऐवजी रेकॉर्डचं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. शेंबडं पोरही सांगेल."

टेप स्टुडिओत ऐकली. ताटाएवढं स्पूल, त्यावर तपकिरी फीत. योगिनीनं ते हातात घेऊन उजेडात फिरवलं. कडेला एका जागी फिकट गुलाबी डाग होता, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. खोलीत चहाच्या कपबशा आवरत असलेल्या बाईनं तो बघितला आणि मान वळवली.

तृप्तीनं बटण दाबलं. स्पूल फिरू लागलं.

"मांडवाची मेढ," एक बाई ठसठशीत आवाजात म्हणाली. मग काही नाही. मग पुन्हा "मामानं आणली." मग काही नाही.

बुधा पहिल्या शब्दाला उठून उभा राहिला. प्रत्येक वेळी आवाज तुटला की तो मशीनकडे असा बघायचा, जणू कुणी आईच्या तोंडावर हात ठेवलाय. थोड्या वेळानं तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्याकडे बघणं कुणालाच झेपेना.

योगिनी स्पीकरकडे बघतच नव्हती. ती स्पूलकडे बघत होती. शेवटाकडे फीत संपत आली तसे खाडे लवकर लवकर पडू लागले.

"तालात आहे हो," झुंबरराव हळूच म्हणाले. "आधी विलंबित, मग द्रुत."

"काका, आज पहिल्यांदा तुम्ही कामाचं बोललात."

झुंबररावांना आपण काय बोललो ते कळलं नाही, पण ते खूश झाले.

ललिता गायधनी दर गुरुवारी केंद्रात येत. आजही आल्या होत्या आणि भिंतीएवढ्या यंत्रासमोर नुसत्या बसून होत्या. साठीच्या, सुती साडीतल्या, तोंडानं फटकळ. केंद्राची पहिली गाजलेली रचना त्यांचीच, बयाबाईच्या आवाजातून उभी केलेली. तिला तेव्हा परदेशात टाळ्या पडल्या होत्या.

"मला विचारताय म्हणजे माझ्यावर संशय आहे. साहजिक आहे," त्या म्हणाल्या. "मूळ टेप लोकांनी ऐकली तर म्हणतील, या बाईनं केलं काय? सगळं तर त्या धवळेरीचंच आहे. खरंय ते. मी तिचा आवाज ताणला, उलटा केला, लांबवला. गाणं तिचं. हे मी पंचवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड मिटून टाळ्या घेतल्या. आता सांगते. लिहून घ्या हवं तर."

"तुमच्याकडे किल्ली आहे."

"आहे. रंगनाथरावांनी दिली होती. हे केंद्र त्यांनी काढलं, दिल्लीच्या पायऱ्या झिजवून. काय दिवस होते! टेप परदेशातून यायची, एकेक रीळ म्हणजे जीव की प्राण. जुनं पुसून त्यावर नवं भरायचं. त्यासाठी त्यांनी स्वतः तारा गुंडाळून एक पुसणी बनवली होती. मोठं विजेचं चुंबक. त्यावर स्पूल गोल फिरवलं की क्षणात कोरं. पण ती पुसणी या खोलीत आणायची नाही, असा त्यांचा नियम. मागच्या कोठडीतच तिची जागा. 'लांडगा गोठ्यात बांधत नाहीत' म्हणायचे."

"आणि ही टेप?"

"ती केंद्राची पहिली. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा होते ना, तशी आम्ही यंत्रांची करायचो. तेव्हा ही टेप सरस्वतीच्या फोटोसमोर ठेवायची, ही रंगनाथरावांची पद्धत. आता काय करतात, मला ठाऊक नाही. हे साहेब आल्यापासून मी पूजेला येत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ते बघायला कशाला यायचं?"

बाहेर चहाची चूल होती. तिथे मघाची कपबशा आवरणारी पुतळाबाई, केंद्रात झाडलोट आणि चहापाणी करणारी, भांडी विसळत होती. योगिनी तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"पूजा? करतो ना, लय दणक्यात!" पुतळाबाईचा चेहरा खुलला. "आवंदा तर देवी पावली, बाई. शप्पत सांगते."

"म्हणजे?"

"साहेबांनी सांगितलं, खोल्याखोल्यांतलं समदं सामान पाटावर मांडा, एक यंत्र मागं ऱ्हाता कामा नये. दिल्लीला फोटो धाडायचा व्हता. मी पान्हे, पकडी, पेचकस, कोठडीतला तो जड ठोकळा, समदं आणलं. टेप देवीसमोर उभी केली नेहमीसारखी, घसरत व्हती म्हणून ठोकळ्याला टेकवली. तेवढ्यात लाइट गेली. अंधारात साहेब दिव्यांच्या माळेची पिन बोर्डात खोचत बसले. आम्ही समईवर आरती सुरू केली. आन् मधीच लाइट आली! तर काय सांगू, पाटावरच्या पकडी, पान्हे आपसूक थरथरायला लागले. हूं हूं असा आवाज. साहेबांनी हात जोडले, आम्ही समद्यांनी जोडले. आरती संपस्तोवर देवी जाग्यावर व्हती."

"आणि दिव्यांची माळ?"

"ती नाय पेटली. माळ खराबच असंल."

योगिनीनं डोळे मिटून घेतले आणि अहिराणीत काहीतरी पुटपुटली. ते छापण्यासारखं नव्हतं.

एवढ्यात मागच्या कोठडीतून झुंबररावांची आरोळी आली. ते तिथे विनाकारण गेले होते आणि अंगठा ठेचून घेतला होता. लोखंडी पट्ट्यांचा, जाड तारेचा एक ठोकळा जमिनीवर पडला होता. त्याला वायर आणि पिन होती.

"हे काय ठेवलंय वाटेत? इस्त्री म्हणावी तर मूठ नाही. याला तर चालू-बंदचं बटणसुद्धा नाही."

"आणि कुंकू?" योगिनीनं दारातून विचारलं.

"कुंकू आहे," झुंबरराव अंगठा धरून म्हणाले. "इथे सगळ्यालाच कुंकू आहे. मीही जरा वेळ उभा राहिलो तर मलाही लावतील."

परतताना झुंबरराव स्कूटरच्या मागच्या सीटवरून बोलत होते. "मला विचाराल तर ललिताबाई. किल्ली आहे, कारण आहे. कबूलही अर्धं केलं."

"काका, तुम्ही तिकिटं फाडत होता तेव्हा चोर सोडून संन्याशालाच दंड करत असणार."

"असं झालंय एकदा-दोनदा," झुंबरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे स्टुडिओत जमले. कोठावदे घड्याळाकडे बघत होते. ललिताबाई, तृप्ती, दाराशी पुतळाबाई. बुधा आज एका म्हातारीला घेऊन आला होता. "माझी चुलती, नवसाबाई. आयची धाकटी जाऊ. ती म्हणली, तुटकं तर तुटकं, मला बयाचा आवाज ऐकू द्या," त्यानं सांगितलं. म्हातारीनं खुर्ची नाकारली आणि स्पीकरसमोर फरशीवर मांडी घातली.

"मला अकराला मीटिंग आहे," कोठावदे म्हणाले.

"कुणाबरोबर? इथे तर कुणीच येत नाही." योगिनीनं खिशातून खडू काढला आणि स्पूलच्या कडेला एक ठळक रेघ मारली. "काका, ही रेघ एक फेरा करून वर आली की टाळी वाजवायची. तृप्ती, लाव."

स्पूल फिरलं. आवाज आला, गेला. झुंबररावांनी टाळी दिली. आवाज आला, गेला. टाळी. आवाज, खाडा, टाळी. चारपाच फेऱ्यांतच सगळ्यांच्या लक्षात आलं.

"आता शेवटाकडचा भाग."

तिथे स्पूलवर फीत कमी उरली होती, म्हणून ते भराभर फिरत होतं. खाडेही भराभर येत होते. झुंबररावांची टाळी कीर्तनातल्यासारखी झाली.

"बस. एका फेऱ्याला एक खाडा. पहिल्यापासून शेवटपर्यंत," योगिनी म्हणाली. "साहेब, तुमचं म्हणणं तृप्ती बटण दाबत-सोडत होती. माणसाचं बोट असं स्पूलच्या फेऱ्याशी जुळवून, त्याच्याबरोबर वेग वाढवत, अख्खी टेप दाबत बसेल? मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमणार नाही. म्हणजे हे मशीनवर झालेलंच नाही. स्पूल फिरत नव्हतं तेव्हा झालं. ते एका जागी उभं होतं, आणि त्याची फक्त एक बाजू पुसली गेली. गुंडाळलेल्या फितीची एक बाजू गेली की उलगडताना दर फेऱ्याला एक खाडा येणारच."

"पुसणी," ललिताबाई पुटपुटल्या.

"पुसणी. पण तिची जागा मागच्या कोठडीत. आणि जाणत्या माणसानं पुसलं असतं तर स्पूल गोल फिरवून पूर्ण कोरं केलं असतं. ललिताबाईंना पुसायचंच असतं तर आज इथे एक शब्द उरला नसता. हे अर्धंमुर्धं काम आहे. आपण काही पुसतोय हे ज्याला माहीत नव्हतं, त्याच्या हातून झालेलं."

"मग ती पुसणी इथे आली कशी?" तृप्तीनं विचारलं.

"पाटावर बसून आली. तिच्यावर कुंकू आहे. स्पूलच्या कडेलाही होतं, कुणीतरी पुसलंय, पण डाग राहिला. साहेब मला म्हणाले, टेप कपाटाबाहेर निघालीच नाही. मग कुंकू कपाटात लागलं? पुतळाबाई, टेप कशाला टेकवली होती म्हणालात?"

"ठोकळ्याला," पुतळाबाई म्हणाली, आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

"त्या ठोकळ्याला बटण नाही. पिन खोचली की चालू. अंधारात साहेबांनी माळेची समजून दुसरीच पिन बोर्डात खोचली. लाइट आली तेव्हा माळ पेटली नाही, आणि पकडी-पान्हे थरथरले. लोखंड चुंबकापाशी थरथरणारच. तुम्ही सगळे हात जोडून उभे राहिलात. आणि आरती चालू असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, बयाबाई पुसली जात होती."

पुतळाबाई दारातून पुढे आली. "देवी... मला वाटलं देवी..."

"तुमचा दोष नाही, मावशी. कोठडीतलं काय आणायचं नाही हे सांगणारं माणूस इथे उरलंच नव्हतं. इथवर अपघात. मला चीड येतेय ती पुढच्याची." योगिनी कोठावदेंकडे वळली. "दिवाळीच्या आधी बुधाभाऊ आले. तुम्ही त्यांना बाकड्यावर बसवलंत आणि आत जाऊन टेप लावलीत. त्यांनी बाहेरून ऐकलं. तेव्हा तृप्ती इथे नोकरीलाही नव्हती. तुम्हाला कळलं, आवाज तुटलाय. बाहेर येऊन सांगितलंत, मशीन बिघडलंय. ते मशीन तृप्तीनं नुसतं झटकलं आणि चाललं. कधी बिघडलंच नव्हतं. तुम्ही कुंकू पुसलंत, ठोकळा कोठडीत ढकललात, आणि नवं माणूस येईपर्यंत थांबलात. ती आली त्याच दिवशी टेप तिच्या हातात दिलीत. दुसरी एकही टेप आधी नाही, नेमकी हीच."

कोठावदे उठले, पुन्हा बसले. मग एकदम त्यांचा बांध फुटला.

"मग काय करायचं होतं मी? मला या तारांमधलं काही कळतं का? पंचवीस वर्षं फायली हाकल्या, आणि मग म्हणाले, जा, देशाचं संगीत सांभाळ! तंत्रज्ञ द्या म्हणून पत्रं लिहिली, उत्तर नाही. छत गळतंय लिहिलं, उत्तर नाही. दिल्लीला सांगितलं असतं की पहिली टेप मी पुसली, तर ते केंद्राला कुलूपच लावणार होते. निमित्तच हवंय त्यांना!" त्यांचा आवाज चिरकला. "मीही हात जोडले होते हो. मला खरंच वाटलं, इतक्या दिवसांत कुणीतरी दखल घेतली."

त्यांची दया यावी आणि येऊ नये, असं दोन्ही एकदम होत होतं.

"या मुलीचं नाव कागदावरून काढा. आजच, माझ्यासमोर," योगिनी म्हणाली. "दिल्लीला खरं लिहा. कुलूप लावतील तर लावू देत. आत्ता तरी इथे काय उघडं आहे?"

झुंबरराव टाळ्या वाजवून लाल झालेले हात चोळत म्हणाले, "म्हणजे चोर सापडला. पण योगिनीबाई, आवाज?"

"आवाज नाही सापडत, काका. गेलेली बाजू गेली. ती कुणीच आणू शकत नाही." हे बोलताना तिनं बुधाकडे बघायचं टाळलं. एवढा तपास करून हातात काय, तर दोष कुणाचा ते. याच्या मुलीच्या मांडवात त्याचा उपयोग शून्य. तिला स्वतःचाच राग आला.

"बोलणं झालं का तुमचं?" फरशीवरून नवसाबाई म्हणाली. तिला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. "पोरी, लाव ते. पहिल्यापून."

तृप्तीनं टेप मागे घेतली आणि लावली.

"मांडवाची मेढ," बयाबाई म्हणाली. खाडा पडला.

"कोणी रं आणली," नवसाबाई म्हणाली.

तिनं डोळे मिटले होते. आवाज म्हातारा, घोगरा, पण नेमक्या जागी पडला.

"मामानं आणली," टेप म्हणाली.

"डोंगर उतरून," नवसाबाई म्हणाली.

बुधा तिच्यापुढे जाऊन बसला. "काकी, तुला येतंय? मग इतकी वर्सं नाय म्हणत व्हतीस!"

"नायच येत," म्हातारी खेकसली. "ती पुढं म्हणायची, मी मागून शेवट वढायची. धवळेरीच्या मागं एक बाई लागतीच. पुढचीनं तोंड उघडल्याबिगर मागचीला काय आठवंल? चूप बस. गेलं माझं."

ललिताबाईंनी यंत्राच्या कडेला हात टेकला. पंचवीस वर्षांत ही टेप त्यांनी किती वेळा ऐकली असेल, पण मागच्या बाईला माइकपासून लांब बसवा, असं मुद्रणाला निघालेल्या रंगनाथरावांना आपणच सांगितलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. त्या तसं मोठ्यानं म्हणाल्याही. कुणी ऐकलं नाही.

"नवरीची हळद," टेप म्हणाली.

"कोणी रं दळली."

"आजीनं दळली."

नवसाबाई थांबली. ओठ हलले, शब्द आला नाही. टेप पुढे गेली. आता खाडे जवळ जवळ यायला लागले होते आणि ते शेवटांवर पडत नव्हते, बयाबाईच्या सुरुवातींवरच पडत होते. म्हातारीनं गुडघ्यावर हात आपटला. तीन ओळी गेल्या, एक आली, पुन्हा दोन गेल्या.

"नाय. हितलं तिचंच हाय. तिचं मला कसं यायचं?" तिचे डोळे भरले आणि ती त्या डोळ्यांवरच चिडली. पदरानं खसाखसा पुसले.

"मग लग्नात कसं करायचं, काकी?" बुधानं हळू विचारलं. "अर्धं गाणं म्हणून लगीन लागत नाय."

टेप संपून मोकळं टोक फटफट वाजत राहिलं, तेव्हा नवसाबाई बोलली.

"मी बशीन मांडवात. येतंय तेवढं म्हणीन. जिथं मला येत नाय, तिथं समद्यांनी गप ऱ्हायाचं. वाजंत्रीवाल्याला बी सांग, आन् नवऱ्याकडच्यांना बी. कुणी मधी बोलायचं नाय. तेवढं बया म्हणंल."

बुधानं मान हलवली. तृप्तीनं फटफटणारं स्पूल हातानं थांबवलं आणि टेप पुन्हा पहिल्यापासून लावली, कारण म्हातारीनं बोटानं तशी खूण केली होती.